मफतकाकांचं मोकळं ऑफिस

बडोद्यात आम्ही खोली शोधत होतो तेव्हा कारेलीबागेतल्या प्रत्येक घरमालकाने आम्हाला एकच प्रश्न विचारला, "नॉनवेज तो नथी खाता ने?" आम्ही रत्नागिरीचे. खोटं बोलावं तर पहिल्याच रविवारी वासाने पकडले जाणार, आणि खरं बोलावं तर चहा अर्धा टाकून उठायची वेळ. यांची शहराबाहेरच्या सावली गावातल्या कारखान्यातली नोकरी नवी होती, माझं टायपिंगचं काम नुकतं कुठे सुरू झालं होतं, आणि मी, हे आणि माझा कॉम्प्युटर असे तिघं यांच्या मावसभावाच्या हॉलमध्ये पडून होतो. मावसजाऊ तोंडाने काही बोलत नसे, पण भांडी फार जोरात ठेवायची.

शेवटी एका निवृत्त मराठी काकांच्या घरी गेलो तेव्हा मी दारातच सांगून टाकलं, "आम्ही मासे खातो."

"खा की," काका म्हणाले. "कॉम्प्युटर आहे म्हणालात ने? त्याच्यात काय आहे?"

मला कळेना. "म्हणजे?"

"म्हणजे ऑफिसचं सॉफ्टवेअर. टायपिंग कशात करता? विकत घेतलेलं आहे की चोरीचं?"

त्या काळात ही गोष्ट विकत मिळते हेच पुष्कळांना ठाऊक नव्हतं. कॉम्प्युटर जोडून देणारा माणूस माऊसबरोबर उशी द्यावी तसं सगळं भरूनच द्यायचा. मी तसं सांगितलं.

"म्हणजे चोरीचं," काका म्हणाले. "हे बघा, माझ्या घरात मासे चालतील, मटण चालेल. चोरीचं सॉफ्टवेअर चालणार नाही. कबूल असेल तर आजच सामान आणा."

यांनी माझ्याकडे बघितलं, मी यांच्याकडे. असला घरमालक वेडा असणार हे दोघांनाही कळलं होतं, पण मावसजावेच्या भांड्यांपेक्षा वेडा परवडला. संध्याकाळी आम्ही सामान घेऊन वरच्या मजल्यावर हजर झालो. पिशव्या उघडायच्या आत काका एक सीडी घेऊन वर आले आणि माझ्या कॉम्प्युटरसमोर बसले. त्यांनी आधीचं सगळं पुसून टाकलं आणि सीडीवरचं ऑफिस घातलं. पत्रं लिहायला, तक्ते आखायला, हिशेब मांडायला लागतं ते सगळं त्यात होतं. जगभरची माणसं मिळून ते बनवतात, कोणीही घ्यावं, वापरावं, आत डोकावून बघावं, हवं तर बदलावं आणि दुसऱ्याला द्यावं, असं त्यांनी मला समजावलं. मी हो हो म्हटलं. माझं लक्ष गॅस कुठे लावायचा याकडे होतं.

सोसायटीत त्यांना सगळे मफतकाका, म्हणजे फुकटकाका, म्हणत. गुजराती शेजारी तोंडावर म्हणत, मराठी शेजारी पाठीमागे. काका दर वेळी चिडून दुरुस्ती करत, "मफत नाही हो, मोकळं! मफत म्हणजे आज दिलं, उद्या काढून घेतलं. मोकळं म्हणजे तुमचंच झालं." ऐकणारा मान हलवायचा आणि जाताना म्हणायचा, "आवजो, मफतकाका."

पॉलिटेक्निकमध्ये विजेची यंत्रं शिकवून ते निवृत्त झाले होते. उंच, किंचित पोक आलेले, आणि शर्टाच्या खिशात पेनाच्या जागी कायम स्क्रू-ड्रायव्हर. इकडे त्याला डिसमिस म्हणतात. घरात नवी वस्तू आली की ती चालू करायच्या आधी उघडायची, असा त्यांचा नेम होता. मिक्सर आला, उघडला. इस्त्री आली, उघडली. एकदा मुलीने पुण्याहून वाढदिवसाला भिंतीवरचं घड्याळ पाठवलं, तर तेही टांगायच्या आधी टेबलावर आडवं झालं. काकू कपाळाला हात लावायच्या. "अहो, गॅरंटी जाते!"

"गॅरंटी जाऊ दे. आत काय आहे ते कळलं ने!"

खाण्यातही तेच. बडोद्याच्या माणसाला सेव-उसळ वर्ज्य नाही, काकांना तर जीव की प्राण. पण ज्या लारीवाल्याने, म्हणजे हातगाडीवाल्याने, मसाल्यात काय घालतो ते सांगितलं नाही त्याच्याकडे ते परत जात नसत. त्यामुळे बिचाऱ्यांना चांगली सेव-उसळ फार कमी मिळायची. काकूंची तऱ्हा उलटी होती. त्या भाकरवडी अप्रतिम करत आणि कृती विचारली की हसतमुखाने सगळी सांगत, फक्त एक जिन्नस गाळून. मी एकदा वहीत उतरून घेत होते, तर आतल्या खोलीतून आवाज आला, "खसखस सांगितली नाहीस तिला!" काकू दिवसभर त्यांच्याशी बोलल्या नाहीत.

त्या सीड्या ते वाटत सुटलेले असत. लग्नात आहेराच्या पाकिटाबरोबर सीडी, सत्यनारायणाला प्रसादाबरोबर सीडी. उत्तरायणाला, म्हणजे संक्रांतीला, गच्चीवर सगळे पतंगात गुंग असताना हे तिळाच्या चिक्कीच्या ताटात सीड्या घालून फिरायचे. त्यांचं पुढे काय होतं ते सोसायटीत फिरलं की दिसायचं. कोणी चिकूच्या झाडाला पाखरं उडवायला टांगलेली, कोणी सायकलच्या मागे चमकायला बांधलेली. मला काकांची कीव यायची. त्यांना मात्र काही वाटत नसे. "दहा टांगतील, एखादा लावून बघेल," म्हणायचे आणि पुढच्या दारी जायचे.

लावून बघणारी मी एकटीच होते आणि तीही भाड्याच्या अटीपायी. पहिले काही महिने मी त्या ऑफिसला मनातल्या मनात रोज शिव्या दिल्या. माझं गिऱ्हाईक म्हणजे कारेलीबागेतले ट्यूशन क्लास. त्यांच्या नोट्स आणि प्रश्नपत्रिका टाइप करायच्या आणि फाइल द्यायची. मी इथे चौकटी आखून नीटनेटकं दिलेलं काम सरांच्या कॉम्प्युटरवर उघडलं की विस्कटायचं. फिजिक्सचे सर एकदा स्कूटर जिन्याखाली तशीच चालू ठेवून वर आले. "बहेन, तमारा पेपरमां चोथो सवाल छठ्ठामां घुसी गयो!" मी खाली जाऊन काकांना बोलावून आणलं. ते डिसमिस घेऊन वर आले, जणू चौथा प्रश्न स्क्रू पिळून जागेवर बसणार होता. मग बसले आणि त्यांनी मला एक बटण दाखवलं. ते दाबलं की पान जसंच्या तसं थिजायचं, कुठेही उघडा, रेघ हलायची नाही. सरांच्या विकतच्या ऑफिसात तसलं बटण तेव्हा नव्हतं. सर निघताना म्हणाले, "आ तो सारुं छे." मला पहिल्यांदाच हायसं वाटलं.

मराठीत टाइप करायचं म्हटलं की जोडाक्षरं फुटायची, ते दुखणं निराळंच. इंटरनेटवर हे सॉफ्टवेअर करणाऱ्या लोकांची एक चावडी होती. काका तिथे आपल्या पॉलिटेक्निकी इंग्रजीत तक्रार लिहायचे आणि उत्तराची वाट बघत फोनची लाइन तासन् तास अडवून ठेवायचे. पुण्याच्या मुलीला आईबापांची खुशाली शेजाऱ्यांकडून कळायची. मग एके सकाळी काका जिन्यातूनच ओरडत वर आले, "ऑपरेटर! ब्राझीलहून उत्तर आलं!" मला ते ऑपरेटरच म्हणत. ब्राझीलच्या कुणा माणसाने, ज्याने मराठी जन्मात ऐकली नसेल, आमच्या फुटक्या जोडाक्षरांवर तोड काढून पाठवली होती. काकांचे डोळे पाणावले होते. "बघ, ना ओळख ना पाळख," एवढंच ते परत परत म्हणत होते. मला त्यांचं ते वेड त्या दिवशी थोडंसं कळलं.

आणि मग यांच्या कारखान्याला टाळं लागलं. त्या दिवसांत सावलीच्या बाजूला एकीकडे परदेशी नावांच्या नव्या पाट्या चढत होत्या आणि दुसरीकडे जुन्या कारखान्यांच्या फाटकांना कुलपं लागत होती. यांचा कारखाना कुलपवाल्यांतला निघाला. हे रोज सकाळी डबा घेऊन नोकरी शोधायला जायचे आणि संध्याकाळी डबा रिकामा करून यायचे, बाकी काही नाही. घर माझ्या टायपिंगवर आलं. ट्यूशनच्या नोट्सवर भाजी निघायची, भाडं निघायचं नाही. सासरहून फोन यायचा, "काय ते बडोदं धरून बसलात, या इकडे." यांनी एकदा ट्रंक पुसूनही ठेवली.

तेवढ्यात मला सावलीच्याच एका नव्या कंपनीचं काम मिळायची संधी आली. यंत्रं चालवायच्या सूचना कामगारांसाठी मराठी आणि गुजरातीत करून, छापायला तयार करून द्यायच्या. काम मोठं होतं आणि पुढे चालत राहणारं होतं. ते मिळालं म्हणजे आम्ही बडोद्यात राहिलो, गेलं म्हणजे ट्रंक भरायची, इतकं ते सरळ होतं. नमुन्याची पानं त्यांना पसंत पडली. आणि मग पत्र आलं की आमचे परदेशी भागीदार काटेकोर आहेत, तेव्हा बाहेरून काम करणाऱ्या प्रत्येकाने आपल्या सॉफ्टवेअरचं बिल दाखवावं.

मी पत्र घेऊन खाली गेले. काका ते वाचून खुलले. "बघ! म्हणून मी म्हणत होतो. आता चोरीवाल्यांची कशी तंतरली असेल!"

"काका, बिल द्या."

"कसलं बिल? याला बिल नसतंच! तेच तर याचं..."

"त्यांना बिल हवंय."

"अगं, विकलंच नाही कुणी तर बिल कोण देणार?"

आता यातली गंमत बघा. माझ्या ओळखीचे सगळे टायपिंगवाले चोरीचं वापरत होते आणि आठवडाभरात सगळ्यांकडे बिलं आली. पाणीगेटला एक जण बिलं छापून देतो, तू सांग किती मोठं हवं, असं एकीने मला मायेने सांगितलंसुद्धा. चोरांकडे कागद होते आणि मी, जिचं सगळं धुतल्या तांदळासारखं, तीच काय ती चोर ठरणार होते. मी हे काकांना सांगितलं. ते पुन्हा तत्त्व समजावू लागले आणि माझा तोल गेला. "तुमचं तत्त्व तुमच्या खिशात ठेवा, त्या डिसमिसशेजारी! माझी चूल विझायला आलीय. तुमच्या अटीवर मी हे घेतलं, आता निस्तरा तुम्हीच!"

काकू भाजी चिरायच्या थांबल्या. काका पत्र पुन्हा पहिल्यापासून वाचू लागले. मी वर येऊन रडले. खरं सांगायचं तर मला त्यांचा राग कमी आणि भीती जास्त वाटत होती.

सकाळी दार वाजलं. काका इस्त्रीचा शर्ट घालून उभे होते, काखेत कागदांचं बाड. "चल ऑपरेटर, सावलीला जाऊ."

बसमध्ये ते बाड मांडीवर घट्ट धरून बसले. कंपनीत परचेसचे साहेब म्हणजे टाय लावलेला तरुण गुजराती मुलगा होता, वागायला चांगला. त्याने काकांना पाणी दिलं, खुर्ची दिली. काकांनी बाड उघडलं. त्या सॉफ्टवेअरचा परवाना, कोणीही वापरावं असं त्यात कुठे लिहिलंय ती ओळ, बनवणाऱ्यांची नावं, सगळं त्यांनी छापून आणलं होतं. पॉलिटेक्निकचा वर्ग भरल्यासारखे ते बोलत राहिले. मुलाने सगळं ऐकून घेतलं.

"काका, वात तमारी साची," तो म्हणाला. "पण आ वेचे छे कोण?" म्हणजे, हे विकतं कोण?

"वेचवावाळो कोई नथी, भाई. बनाववावाळा हजारो छे."

"तो काले कंई थाय, कोई दावो करे, तो जवाबदार कोण? ब्राझीलवाळो तो अहीं नहीं आवे. मारे पण उपर जवाब आपवानो छे. कोईनुं नाम तो जोईए ने फाइलमां."

काकांनी बाड मिटलं. त्याचं म्हणणं चुकीचं नव्हतं, हे त्यांनाही दिसत होतं. उद्या कोणी विचारलं तर बोट दाखवायला त्या मुलाला एक माणूस हवा होता, आणि त्या हजारोंच्या गर्दीत तसा एकही सापडत नव्हता. मला समोर ती पुसलेली ट्रंक दिसायला लागली.

"जरा बाहेर येतो," काका म्हणाले. मीही त्यांच्या मागे व्हरांड्यात गेले. ते कठड्याला धरून उभे होते.

"आमच्या घरात कोणी जामीन राहत नाही," ते एकदम म्हणाले. "तुला माहीत नसेल. आजोबा संस्थानात नोकरीला होते. एका स्नेह्यासाठी त्यांनी सही केली आणि पाणीगेटचं घर गेलं. तेव्हापासून आमच्याकडे मुंजीत पांघरुणाखाली बाप मुलाला आधी गायत्री सांगतो आणि मग आणखी एक वाक्य सांगतो, कुणाला जामीन राहू नकोस. मला वडिलांनी सांगितलं. मी आठ वर्षांचा होतो, मला गायत्री नीट ऐकू आली नाही, हे नीट आलं."

"राहू द्या काका," मी म्हणाले. "आपण परत जाऊ." आणि मला ते मनापासून वाटलं. आमच्या पोटासाठी या माणसाने बापाचा शब्द मोडावा, असं मला मुळीच वाटत नव्हतं.

त्यांनी खिशातला डिसमिस काढला, उगाच फिरवून बघितला, परत ठेवला. मग ते आत गेले. मी पोचेपर्यंत ते त्या मुलाला म्हणत होते, "नाम लखो मारुं."

मुलाने कोरा कागद पुढे केला. काकांनी पेन मागून घेतलं आणि उभ्या, वळणदार अक्षरात लिहिलं की या बाईंच्या कॉम्प्युटरवरचं सॉफ्टवेअर मी स्वतः घातलं आहे, ते चोरीचं नाही, आणि त्यावर कोणी हक्क सांगितला तर उत्तर मी देईन. खाली नाव लिहिलं. मुलगा संकोचून म्हणाला, "सरनामुं पण." काकांनी पत्ता लिहिला. क्षणभर थांबून पत्त्यापुढे 'स्वतःचं घर' असंही लिहिलं, आणि सही केली.

"बस, काका," मुलगा म्हणाला. "आटलुं ज जोईतुं हतुं." त्याने कागद फाइलला लावला आणि कामाची पहिली बॅच तिथल्या तिथे माझ्या हातात दिली.

परतीच्या बसमध्ये मला खिडकीतून येणारी गरम हवासुद्धा गोड लागत होती. मांडीवर कागदांचा गठ्ठा होता आणि छातीवरची एवढे महिने बसलेली धोंड उठली होती. मला हसू येत होतं, रडू येत होतं, शेजारच्या बाईला उगाच भुईमुगाच्या शेंगा द्याव्याशा वाटत होत्या. काकांच्या पाया पडायचं होतं, पण ते चालत्या बसमध्ये जमेना. काका मात्र मुंजीच्या मुलासारखे ताठ बसले होते. "हिला काय सांगायचं?" असं त्यांनी मला दोनदा विचारलं. ही म्हणजे काकू.

घरी आल्यावर त्यांनी चपलासुद्धा काढल्या नाहीत. दारातूनच म्हणाले, "सही करून आलो."

"कसली?"

"जामिनाची. हिच्यासाठी."

काकू तांदूळ निवडत होत्या. सूप बाजूला सरकवून त्या उभ्या राहिल्या. मला वाटलं, आता माझी खैर नाही. पण त्यांचा रोख माझ्याकडे नव्हताच. "माझा भाचा स्कूटरच्या कर्जासाठी सही मागत होता तेव्हा काय म्हणाला होतात? भावाने त्या वर्षी राखी बांधून घेतली नाही माझ्याकडून! तेव्हा बापाचा शब्द, मुंजीतला शब्द! आणि आज?"

"तो पोरगा हप्ते भरील की नाही ते मला दिसत नव्हतं," काका खाली बघत म्हणाले. "हिच्या कॉम्प्युटरच्या पोटात काय आहे ते मी बघितलंय. सगळं उघडून बघितलंय. बघितलेल्यावर सही केली, त्यात काय भ्यायचं?" मग जरा थांबून हळूच म्हणाले, "भ्यालो होतो थोडा."

काकूंनी माझ्या हातातला गठ्ठा घेतला, उलटसुलट करून बघितला, आणि मला परत दिला.

"ट्रंक भरलीस का गं वर?" त्यांनी विचारलं.

"नाही, नुसती पुसलीय."

"मग त्यात गाद्या घाल नाहीतर काय हवं ते घाल. यांचं नाव अडकलंय आता तुझ्यात. तू बडोदं सोडून जायचं नाहीस हं!"

त्या कंपनीत पुढे साहेब बदलले, यंत्रं बदलली, यांनाही दुसरी नोकरी लागली. हक्क सांगायला कधी कोणी आलं नाही. काका गेले, मग काकूही गेल्या. आम्ही अजून बडोद्यातच आहोत.